अनूच्या वाट्याचे शब्द

“तू मूठ वर करायची,” मी अनूला सांगितलं. “कुठलाही शब्द आला तरी मूठच. कळलं का?”

अनूनं मान हलवली. मग तिचे ओठ दोन-तीनदा मिटले, उघडले, आणि अख्खा वर्ग वाट बघत असताना शब्द एकदाचा बाहेर आला.

“स-स-सर, पण मला य-येतंय की.”

“येत असलं तरी मूठ.”

“स-सगळ्या शब्दांना?”

“सगळ्या.”

तिनं उजव्या हाताची मूठ करून वर धरली आणि तो हात दुसऱ्याच कुणाचा असावा तसं त्याच्याकडे बघत बसली. पुढच्या रांगेतला बालासाहेब मागं वळला. वय वर्षं नऊ. नाव घरच्यांनी पुढच्या सोयीनं ठेवून दिलेलं. “सर, अनू कुनाला मारणार हाय का?” वर्ग हसला. मीही हसलो.

ही मुठीची भानगड काय होती ते सांगायला हवं, कारण ती माझी कल्पना होती आणि त्या वेळी मला तिचा अभिमान होता.

हिंगणवाडीची आमची शाळा चौथीपर्यंत. दोन खोल्या, दोन शिक्षक. पहिली-दुसरी सिरसाट गुरुजींकडे, मुख्याध्यापकही तेच. तिसरी-चौथी माझ्याकडे. मी इंग्रजी घेऊन बी.ए. केलेला, त्यावर डी.एड., आणि शिक्षणसेवक म्हणून तिसरं वर्ष चालू. शिक्षणसेवकाला नोकरी लागलेली असते आणि नसतेही. तीन वर्षांनी वरून कुणीतरी ‘काम समाधानकारक’ असं लिहून दिलं की मग तो शिक्षक होतो. माझी तीन वर्षं मार्चमध्ये संपत होती. लग्न मे महिन्यात करायचं चाललं होतं, आणि मुलीकडचे दर रविवारी माझ्या वडिलांना फोन करून, इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर, “मग, कायम झाले का जावईबापू?” असं विचारत होते.

त्याच जानेवारीत तालुक्याहून परिपत्रक आलं. तिसरी-चौथीच्या प्रत्येक विद्यार्थ्याला इंग्रजीचे दोनशे शब्द स्पेलिंग आणि अर्थासह आले पाहिजेत. सोबत यादी. तपासणी तोंडी होईल. परिपत्रकात ‘आनंददायी पद्धतीने’ हे शब्द तीनदा होते आणि ‘कारवाई’ दोनदा. मुदत एकवीस दिवसांची.

पहिले चार दिवस मी प्रामाणिकपणे शिकवलं. फळ्यावर छत्री काढली, तिला पोरं कोंबडी म्हणाली. कोंबडी काढली, तिला कुणीच काही म्हणालं नाही. चार दिवसांत वर्गाला मिळून अकरा शब्द आले आणि त्यांतले तीन त्यांना आधीच येत होते: बॅट, बॉल आणि आउट.

पाचव्या दिवशी मला भागाकार सुचला. दोनशे भागिले वीस. एका पोराला दहा शब्द. हजेरीत पहिलं नाव असणाऱ्यानं एक ते दहा पाठ करायचे, दुसऱ्यानं अकरा ते वीस, आणि असंच पुढं. तपासणीला आलेल्या साहेबांनी शब्द विचारला की सगळ्यांनी हात वर करायचे, म्हणजे वर्ग उत्साही दिसतो. ज्याच्या वाट्याचा शब्द असेल त्यानं तळहात उघडा ठेवायचा, बाकीच्यांनी मूठ. उघडा तळहात दिसला की मी म्हणणार, “हं, तू सांग.” साहेबांना वीस हात दिसणार आणि एक बिनचूक उत्तर ऐकू येणार. आणखी काय पाहिजे माणसाला?

सिरसाट गुरुजींना ही योजना सांगितली तेव्हा त्यांनी चष्मा काढून पुसला.

“सर, तुम्ही लांब जाणार,” ते म्हणाले. “फक्त पोरांसमोर पंजा म्हणू नका. झेडपीचं इलेक्शन तोंडावर आलंय. तळहात म्हणा.”

अडचण एवढीच होती की पट एकवीसचा होता. दोनशेला विसानं भाग जातो, एकविसानं जात नाही. ही एकविसावी म्हणजे अनू.

अनुसया कासार. तिची आई सुमनबाई डोक्यावर पाटी घेऊन आसपासच्या खेड्यांत बांगड्या भरायला जायची. वडील पुण्याकडं कुठल्याशा सोसायटीत वॉचमन. अनूला बोलताना अडखळायला व्हायचं. वाक्याच्या पहिल्याच अक्षराशी ती थांबायची, आणि ते अक्षर दार उघडेपर्यंत मागचे सगळे शब्द रांगेत उभे. एका शब्दाच्या स्पेलिंगला साहेबांची पाच मिनिटं जातील, असा माझा अंदाज होता. तिला सोडून दिलं की भागाकार नीट जमत होता. मी तिला सोडून दिलं.

वाटणी झाली आणि वर्गात भाऊबंदकी सुरू झाली. पोरं आपापल्या शब्दांची मालक झाली. बालासाहेबाच्या वाट्याला हत्ती आला होता. दुसरं कुणी ‘एलिफंट’ म्हणालं तरी तो अंगावर धावून जायचा. “सर, ही माझा हत्ती म्हणायली!” मधल्या सुट्टीत अदलाबदली चालायची. “माझा टोमॅटो घे, मला टायगर दे.” “टायगरवर काय देतोस?” “सोप देतो.” “साबन नको मला.” दिवसभर वीस पोरं आपापले दहा-दहा शब्द मोठ्यानं घोकत, आणि रस्त्यानं जाणारे लोक थांबून ऐकत आणि शाळा सुधारली म्हणत.

अनू रोज शाळा सुटताना टेबलाशी येऊन उभी राहायची.

“स-सर, माझे?”

“देतो की. उद्या देतो.”

दुसऱ्या दिवशी पुन्हा, “सर, म-माझे?” दहा-बारा दिवस हे चाललं. ती कधी रडली नाही की रुसली नाही. फक्त रोज विचारायची. रेशनच्या दुकानात माल आला का, असं विचारतात तसं.

तर तो मुठीचा सराव तपासणीच्या आदल्या दिवशीचा. मी यादीतून शब्द विचारत होतो, हात वर होत होते, आणि दर वेळी दोन तळहात उघडे दिसत होते. एक ज्याचा शब्द त्याचा, दुसरा अनूचा. मी डोळे मोठे केले की ती मूठ मिटायची. पुढचा शब्द आला की मूठ पुन्हा उघडायची.

मग नागेशची पाळी आली. नागेश कोल्पे, शब्द क्रमांक एकशे एकसष्ट ते एकशे सत्तर. नऊ शब्द त्यानं घडाघडा म्हटले. दहावा अंब्रेला.

“यू, एम, बी, आर, ई...” तो थांबला. त्याचे डोळे डावीकडं गेले.

डावीकडं अनू बसली होती. मी गेलो. तिच्या मांडीवर पाटी होती आणि पाटीवर अंब्रेलाची पुरी आठ अक्षरं.

“तुला कुणी सांगितलं गं हे?”

“क-कुणी न्हाई.”

मी यादी हातात घेतली. “लिही. एलिफंट.”

“सर, माझा हत्ती!” बालासाहेब ओरडला.

“गप्प बस. लिही गं.”

तिनं लिहिलं. मी मधूनच कुठूनही शब्द उचलत गेलो. किचन, मार्केट, थर्सडे, नाइफ. ती पाटी पुसायची, लिहायची, पुसायची, लिहायची. लिहिताना तिचा हात कुठंही थांबत नव्हता. एकतीस शब्द मी मोजले. ‘नेबर’चं स्पेलिंग तर मलाच यादीत बघून पडताळावं लागलं.

“कसं आलं तुला हे?”

“स-सगळे म्हणतेत की. मी ऐ-ऐकते.”

नागेश तिच्याकडं असा बघत होता की जणू त्याच्या घरात चोरी झाली होती आणि तरी त्याचं काहीच गेलं नव्हतं.

अशा वेळी शिक्षकाला आनंद होतो, असं आमच्या डी.एड.च्या पुस्तकात होतं. मला आठवलं ते परिपत्रक. तपासणी तोंडी. आणि मग त्या दोन उघड्या तळहातांचं चित्र. उद्या साहेब सहज म्हणाले, “ही सांगेल,” तर? ही उभी राहणार, पहिल्या अक्षराशी थांबणार, साहेब घड्याळ बघणार. माझे मार्च आणि मे त्या एका अक्षरापाशी अडकणार.

शाळा सुटल्यावर मी तिला थांबवून घेतलं.

“अनू, उद्या तू येऊ नकोस.”

“उ-उद्या सुट्टी?”

“तुला सुट्टी.”

“ए-एकटीलाच?”

“हो.”

तिनं विचार केला. मग तिला वाटलं तिला कळलं. “मी म-मूठ करीन, सर. उ-उघडणार न्हाई.”

“नको, नको. परवा ये. परवा तुला शब्द देतो.”

मी हे प्रेमानं म्हणालो होतो. ते आठवलं की जास्त लाज वाटते.

दुसऱ्या दिवशी साडेदहाला बालासाहेबानं बातमी आणली. “सर, नाग्या गेला की. त्याच्या मामाच्या पोराचं जावळ हाय. जीप आलती न्यायला.”

एकशे एकसष्ट ते एकशे सत्तर बेवारस झाले. उरलेल्या दीड तासात मी ते पाच पोरांत दोन-दोन वाटून बघितले. त्यामुळं त्या पाचजणांना स्वतःचे शब्दही आठवेनात. तेव्हा मी ते परत काढून घेतले आणि देवावर सोडलं. दोनशेतले दहा. साहेब काय नेमके तेच विचारणार आहेत?

मुळजकर साहेब बाराला मोटरसायकलवर आले. शिक्षण विस्तार अधिकारी म्हटल्यावर डोळ्यांसमोर जो माणूस येतो तसे ते नव्हते, हीच खरी पंचाईत. हेल्मेट स्वतःच्या हातानं खिडकीत ठेवलं. सिरसाट गुरुजींनी हार पुढं केला तर म्हणाले, “हा एखाद्या पोरीला घाला हो. मला कशाला?” खुर्ची नको म्हणाले. उभ्यानंच यादी उघडली.

“टेबल.”

एकोणीस हात वर. अठरा मुठी, एक तळहात. “हं, तू सांग.” बरोबर. “रेनबो.” बरोबर. “ब्लॅकबोर्ड.” बरोबर. साहेब एकेका उत्तराला “वा” म्हणत होते, आणि दहाव्या-बाराव्या ‘वा’ला माझी पाठ ताठ झाली. चौदाव्या शब्दाला मी मनातल्या मनात पत्रिकेचा मजकूर जुळवत होतो.

“अंब्रेला.”

एकोणीस मुठी.

साहेबांचा चेहरा फुलला. “अरे, सगळ्यांनाच येतंय! थांबा सर, आता तुम्ही नका सांगू कुणी उठायचं. या वेळी मी सांगतो.” त्यांचं बोट वर्गावरून हळूहळू फिरलं आणि पहिल्या रांगेत थांबलं. “तू सांग, पैलवान.”

बालासाहेब उभा राहिला. मूठ अजून वरच होती. त्यानं माझ्याकडं बघितलं, साहेबांकडं बघितलं, आणि अतिशय प्रामाणिकपणे म्हणाला, “साहेब, अंब्रेला माझी न्हाई. ती नाग्याची हाय.”

“नाग्याची? म्हणजे काय रे?”

“साहेब,” मी म्हणालो, “त्याचं असं आहे, यानं पावसाळ्यात नागेशची छत्री हरवली होती. तेव्हापासून छत्रीचं नाव काढलं की...”

“न्हाई हो सर,” बालासाहेब म्हणाला. “मी कवा हरवली? माझा तर हत्ती हाय.”

साहेब मोठ्यानं हसले. “अरे बाबा, छत्री कुणाची का असेना. स्पेलिंग तर सांगशील? बरं, दुसरं कुणी? हात तर सगळ्यांचे वर आहेत.”

एकही मूठ हलली नाही. पोरं मी सांगितल्याबरहुकूम वागत होती. कुणी चुकलं नाही. साहेबांचं हसू थोडं कमी झालं आणि ते मुठींकडं बघायला लागले. एका मुठीकडं, मग दुसऱ्या, मग तिसऱ्या.

तेवढ्यात दारातून एक तळहात वर आला.

लाल रिबिनी, इस्त्रीचा फ्रॉक, पायांत चपला. ती किती वेळ बाहेर उभी होती कुणास ठाऊक. हात सरळ वर, बोटं पसरलेली.

“ती बघा,” साहेब म्हणाले. “बाहेरची पोरगीसुद्धा हात वर करतेय.” मग माझ्याकडं वळून, “तुमचीच का ही?”

‘हो’ म्हणायला एक अक्षर लागतं.

“नाही साहेब,” मी म्हणालो. “आपल्या शाळेची नाही. पाहुणी आलीय कुणाकडं तरी. वडगावची.”

वडगाव का, ते मला आजही सांगता येणार नाही. आठ किलोमीटरवरचं गाव, तोंडात आलं. बालासाहेब अजून उभाच होता. त्यानं तोंड उघडलं. मी त्याच्याकडं बघितलं. त्यानं तोंड मिटलं आणि तो खाली बसला.

“पाहुणी तर पाहुणी,” साहेब म्हणाले. “ये बाळ, आत ये. सांग, अंब्रेला.”

ती आत आली, फळ्याजवळ उभी राहिली. हात खाली घेतला. “य-य-य...”

“साहेब, तिला बोलायची जरा अडचण आहे. राहू द्या, आपला वेळ...”

“मला कसली घाई आहे?” साहेब म्हणाले आणि हात मागं बांधून उभे राहिले. “सावकाश, बाळ.”

यू आला. मग एम. बीला फार वेळ लागला. मी मान वर केली तेव्हा दिसलं की एकोणीस पोरांचे ओठ हलतायत. आवाज नाही, नुसते ओठ. आर, ई. ज्याच्या त्याच्या वाटणीबद्दल आठवडाभर भांडलेली ती पोरं नाग्याची छत्री आवाज न करता तिच्यासोबत म्हणत होती. एल. पुन्हा एल. ए.

“अंब्रेला म-म्हणजे छ-छत्री.”

पोरांनी टाळ्या वाजवल्या. इतक्या, की शेजारच्या खोलीतून पहिली-दुसरीनंही वाजवल्या. साहेबांना ते पाहुणीचं स्वागत वाटलं.

“बघा सर, वडगावच्या शाळेत एवढं चाललंय आणि मला पत्ताच नाही. कुणी शिकवलं गं तुला?”

“स-सरांनी.”

“कुठल्या सरांनी? नाव काय त्यांचं?”

तिनं माझ्याकडं बघितलं. मी भिंतीवरच्या महाराष्ट्राच्या नकाशाकडं बघितलं. साहेब थांबून राहिले. त्यांना वाटलं असणार, नाव यायला वेळ लागतोय. पण त्या वेळी ती अडखळत नव्हती. तिचं तोंड मिटलेलं होतं.

“साहेब,” दारातून सिरसाट गुरुजी म्हणाले, “पोहे गार व्हायलेत.”

शेरेबुकात साहेबांनी लिहिलं: ‘विद्यार्थ्यांचा सहभाग शंभर टक्के. शिक्षणसेवकांचे काम अत्यंत समाधानकारक. परगावची मुलेही या वर्गाकडे ओढली जातात, ही विशेष बाब.’ खाली लफ्फेदार सही. त्यांना मोटरसायकलपर्यंत पोचवून मी परत आलो तेव्हा दारात कुणी नव्हतं. मी हजेरी पूर्ण केली. नागेश कोल्पे, गैरहजर. अनुसया कासार, गैरहजर.

मी मार्चमध्ये कायम झालो. मे महिन्यात लग्न झालं. आता तालुक्याला नव्या शिक्षकांची प्रशिक्षणं होतात तेव्हा इंग्रजी शब्दसंपत्तीचा तास माझ्याकडं असतो. मी बरा बोलतो म्हणतात. वाटणीची गोष्ट तिथं मी विनोद म्हणून सांगतो: हत्ती, टोमॅटो, छत्री नाग्याची. लोक पोट धरून हसतात. दारातल्या तळहातापाशी मी गोष्ट थांबवतो आणि चहाची सुट्टी देतो. बायकोला मी थोडं पुढचंही सांगितलंय, पण त्यात मी तिला पाहुणी म्हणालो हे काढून टाकलंय.

तपासणीनंतर तिसऱ्या दिवशी सुमनबाई आली. बांगड्यांची पाटी व्हरांड्यात उतरवून ठेवली, पदर सारखा केला आणि कार्यालयात आली. कार्यालय म्हणजे सिरसाट गुरुजींच्या वर्गातलं एक कपाट आणि त्याच्यापुढचं टेबल. मागं अनू.

“सर, लेकीचा दाखला पायजे.”

“का हो? असं मध्येच? वर्ष संपायला दोन महिने राहिलेत.”

“तुमी साहेबाला म्हणलाव म्हणं, ही ह्या शाळंची न्हाई. वडगावची हाय.”

सिरसाट गुरुजींना एकाएकी कपाटात काहीतरी शोधायचं आठवलं.

“अहो, ते तसं नव्हतं,” मी म्हणालो. “साहेब समोर उभे होते. घाईत तोंडातून निघून गेलं.”

“घाईत?” सुमनबाई म्हणाली. “तुमाला कुठं अडखळायला होतंय, सर?”

मी टेबलावरचं शाईचं पॅड सरळ केलं. तिनंच मग आवाज खाली आणला.

“म्या काय भांडायला आले न्हाई. माझी बहीण वडगावलाच दिलेली हाय. तिची लेकरं तिथल्याच शाळंत जातेत. म्हणलं, सरांच्या तोंडून गेलंच हाय तर आपुन खरं करून टाकावं.” ती थोडी हसली, गिऱ्हाईक तुटू नये म्हणून हसतात तशी. “दोन दिस झालं, लेकरू बोलंना. तशी बी ती कमी बोलती, त्याचं काय न्हाई. पर आता पाटीला बी हात लावंना.”

अनू टेबलाच्या कडेवरून बोट फिरवत उभी होती. त्या वेळी मी खाली वाकून तिला काही म्हणू शकलो असतो. काय म्हणायचं तेही मला माहीत होतं. फार मोठं नव्हतं, दोन शब्दांचं होतं. गुरुजींनी तेवढ्यात दाखल्यांचं बुक माझ्यापुढं सरकवलं. “लिहा. तुमच्याच वर्गाची आहे.”

मी लिहायला लागलो. माझं अक्षर चांगलं आहे. विद्यार्थिनीचे संपूर्ण नाव. आईचे नाव. जन्मतारीख अंकी आणि अक्षरी. शाळा सोडण्याचे कारण: पालकांची विनंती. वर्तणूक: चांगली. त्याच्या खाली एक रकाना असतो: अभ्यासातील प्रगती.

तिथं पेन थांबलं.

जे खरं होतं ते लिहायला ‘उत्तम’ एवढं पुरलं असतं. पण वडगाव आमच्याच बीटमध्ये होतं. मुळजकर साहेब महिन्या-दोन महिन्यांनी तिथंही जाणार. लाल रिबिनीची पोरगी दिसणार. ते कौतुकानं विचारणार, ही हुशार पोरगी पहिलीपासून इथलीच ना? कुणीतरी फाइल उघडणार, आणि फाइलमध्ये हा दाखला, आमच्या शाळेचा शिक्का, माझं अक्षर, तपासणीनंतरची तारीख. ‘उत्तम’ लिहिलेला दाखला माणूस दुसऱ्यांदा वाचतो. ‘साधारण’ कुणी दुसऱ्यांदा वाचत नाही.

मी ‘साधारण’ लिहिलं. गुरुजींनी सही केली, शिक्का मारला, शाईवर फुंकर घातली.

सुमनबाईनं दाखला घेतला, उलटा-सुलटा करून बघितला आणि अनूच्या हातात दिला. “बघ गं, नीट लिवलंय का समदं. नाव बरूबर हाय का?”

अनूनं दाखला टेबलावर ठेवला आणि ओळीखाली बोट ठेवून वाचायला लागली. मनातल्या मनात वाचत होती, त्यामुळं कुठं थांबत नव्हती. नाव, आईचं नाव, तारीख. बोट एकेक रकाना खाली उतरत होतं.

“आन् अभ्यासाचं काय लिवलंय सरांनी? ते असतंय न्हवं त्यात?”

बोट थांबलं.

अनूनं मान वर करून माझ्याकडं बघितलं. फार वेळ नाही. मग आईकडं वळली.

“ल-ल-लई हुशार,” ती म्हणाली. “अ-असं लिवलंय.”

सुमनबाईचा चेहरा एकदम सैल झाला. तिनं माझ्यापुढं हात जोडले. “सर, म्या उगंच तुमाला टाकून बोलले. मनात धरू नका. लई उपकार झाले.”

“असू द्या,” मी म्हणालो.